साध्या दिवसाचं नाव

नगरला आमच्या एसटीडी बूथमध्ये मी इंटरनेट घेतलं, तेव्हापासून एक गृहस्थ नेवाशाहून यायला लागले. त्यांना मेल नको, रिझल्ट नको. माहिती शोधून देणारी एक वेबसाइट सणावाराला स्वतःचं नाव चित्रांनी नटवायची. तेवढं चित्र त्यांना फ्लॉपीवर हवं असायचं.

चित्र वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायचं आणि यांचा जीव टांगणीला लागायचा. "लाइट जानार न्हाई ना, मालक? उद्या काढून टाकत्यात ते." मग फ्लॉपी रुमालात, रुमाल जेवणाच्या डब्यात. लोहचुंबकानं फ्लॉपी पुसली जाते, या भीतीनं एसटीत इंजिनापासून लांब, मागच्या बाकावर बसायचे. त्यांची धास्ती मलाही लागली होती. पट्टी अडकली की लाइट आहे ना, म्हणून मी पंख्याकडे बघायचो.

एकदा सण नव्हता. पडद्यावर नुसतं साधं नाव आलं. खेप वाया गेली, असं मला वाटलं. पण त्यांनी फ्लॉपी पुढं केली.

"यात काय घ्यायचं?"

"ह्येचीच लई भीती वाटती, मालक. ह्ये कुनीच ठिवत न्हाई."

ते गेल्यावर मी बाहेर आलो. बूथची पिवळी पाटी वडिलांनी हौसेनं रंगवून घेतली होती. उद्या पेंटर जुनी अक्षरं पुसून तिच्यावर नवं नाव काढणार होता.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ती शेवटपर्यंत वाचली.