पाच वाजताचा पेशंट

बाईंनी उजव्या हाताचं बोट वर केलं की समजायचं, आता आपली धडगत नाही. "वाक्यात सांगा," त्या म्हणायच्या.

निमगाव सावा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर इंटरनेटच्या वायरी ओढायचं माझं काम. "बाई, नेट गेलंय," असं मी म्हणालो की बोट वर. "कोणाचं गेलं? कशानं गेलं? वाक्यात सांगा." मग मी शहाण्या मुलासारखा सांगायचो, "बाई, काल ऊस तोडताना वायर तुटली, म्हणून तुमचं नेट गेलंय." त्यावर शाब्बासकी मिळायची आणि चहा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, निवृत्त होतात पण शाळा सुटत नाही. बाई हायस्कुलात इंग्रजी शिकवायच्या. यजमान वारले, मुलगी पुण्यात. मग कुठून तरी ओळख निघाली आणि बाई लॅपटॉपवर चीनमधल्या एका नर्सला इंग्रजी शिकवू लागल्या. त्या पोरीला परदेशात नोकरी हवी होती आणि मुलाखत इंग्रजीत होती. आधी एकदा ती नापास झाली होती. आता झाली असती तर पुन्हा संधी नव्हती. पोरीपेक्षा बाईंनाच धास्ती. ढग आले की मला फोन, "भाऊ, पाच वाजता नेट राहील ना?" मी मुळात घाबरट माणूस. चार वाजल्यापासून मीच खांबाखांबाला वायर तपासत फिरायचो.

पोरगी अडली होती एका शब्दापाशी. 'टेक'. ताप मोजायचा तरी टेक, गोळी गिळायची तरी टेक, खुर्चीवर बसायचं तरी टेक, शर्ट काढायचा तरी टेक. एकदा शिकवताना बाई विव्हळून म्हणाल्या, दुखणं मला 'टेक' होत नाही, म्हणजे सोसवत नाही, तर ती घाबरून विचारते, "टेक व्हेअर?" कुठं न्यायचं! मी फिसकन हसलो.

"हसू नका," बाई नंतर म्हणाल्या. "आपण औषध घेतो, झोप घेतो, काळजी घेतो, मनावर घेतो. त्या पोरीला मराठी शिकवलं असतं तर आपल्या 'घे'नं तिला रडवलं असतं. शब्द एकटा काही सांगत नाही हो. वाक्यात घातला की बोलतो."

म्हणून बाई रोज पाच वाजता पेशंट व्हायच्या आणि पोरगी नर्स. बाई कण्हायच्यासुद्धा इंग्रजीत. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, डोळ्यांपुढं अंधारी येतीय. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू हुंगवायला कांदा फोडून धावत आल्या होत्या. नंतर सगळ्या आळीला सवय झाली. "झाला बाईंचा दवाखाना चालू," म्हणून काकू खुशाल लसूण सोलत बसायच्या.

मला मात्र ते बरं वाटायचं नाही. "बाई, भरल्या घरात असलं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणती."

"वास्तूला इंग्रजी येत नाही," बाई म्हणाल्या.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी नेट सारखं जात-येत होतं, म्हणून मी बाईंच्या घरीच नेटच्या डबीपाशी ठाण मांडलं. पाच वाजले. बाई खुर्चीत कलल्या. शब्द जड, जीभ अडखळतेय. दारातून काकू म्हणाल्या, "आज लई रंगात आल्यात बाई!" मलाही हसू आलं.

पडद्यावरची पोरगी हसत नव्हती. "टीचर, स्माइल," ती म्हणाली. बाई हसल्या, पण अर्ध्याच तोंडानं. "टीचर, बोथ हँड अप." डावा हात वर आला. उजवा मांडीवर तसाच पडून राहिला.

पोरीनं टेबलावर हात आपटला. "नो लेसन! नो लेसन! ब्रदर, टेक हर! हॉस्पिटल! टेक हर नाऊ!"

माझ्यासारख्याला इंग्रजी काय कळणार, पण ते कळलं.

शेजाऱ्याच्या गाडीत बाईंना घातलं. काकू मागं डोकं मांडीवर घेऊन, "ओझरच्या इघ्नहरा, सांभाळ रं बाबा," एवढंच म्हणत होत्या. मंचरला पोचलो तर चौकात कांद्याच्या ट्रॅक्टरांची ही रांग. मी खाली उतरून, हात जोडून, ओरडून वाट काढली.

डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका होता, वेळेत आणलंत. जीव वाचला. बोलणं गेलं. बाईंच्या तोंडात एकच शब्द उरला, 'घे'. पाणी हवं तरी घे, नको तरी घे.

आता त्या पुण्यात मुलीकडे आहेत. मागच्या आठवड्यात भेटायला गेलो. जन्मभर मला अहोजाहो करणाऱ्या बाई चहाकडे बघून म्हणाल्या, "घे." मी मान खाली घालून प्यायलो, दुसरं काय करणार!

पाच वाजता लॅपटॉप वाजला. पोरगी पास झाली होती, परदेशातल्या खोलीतून बोलत होती. ती रोज बाईंना कप दाखवते, चमचा दाखवते आणि वाट बघते. बाई म्हणाल्या, "घे." तिनं मला विचारलं, "ब्रदर, घे मीन्स?"

काय काय सांगू तिला?

तेवढ्यात माझ्याकडे बघत बाईंनी डाव्या हाताचं बोट वर केलं. हात दुसरा, पण बोट तेच, वाक्यात सांगा म्हणणारं.

इंग्रजी मला येत नाही, म्हणून मराठीतच म्हणालो, "बाई, तुमच्या घरचं नेट मी बंद केलेलं नाही, तुम्ही लवकर परत या."

बाईंनी वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. मग बोट हळूच खाली आलं.