उंबऱ्यावरून सांगितलेली वेळ

त्या संध्याकाळी देवावरचा माझा विश्वास उडाल्यातच जमा होता, खोटं कशाला बोलू. नृसिंह जयंती होती. मी देवासच्या एका इस्पितळात इमर्जन्सीत नर्स आहे. ड्यूटी होती म्हणून घरच्या पूजेला गेले नव्हते, आणि पूजेला बसलेले भाऊकाकाच स्ट्रेचरवर माझ्यासमोर आले. अंगावर सोवळं, कपाळाला गंध, आणि नाडी नाही. वडील गेल्यावर याच माणसाने मला वाढवलं.

मी छाती दाबायला धावले. डॉक्टरांनी मागे ओढलं. "तुम हाथ मत लगाओ. तुम लिखो, टाइम बोलो." आमच्याकडे अशा वेळी एक जण नुसता लिहायला असतो. कोणतं औषध कधी दिलं ते मोठ्याने बोलायचं आणि टिपायचं. पुढचं इंजेक्शन त्यावरच ठरतं. पेशंटला मात्र शिवायचं नाही. मनात म्हटलं, देवा, आजही मला बाहेरच उभी केलीस ना.

कारण घरी माझं हेच काम. नृसिंह प्रकटला तो ऐन सांजेला. म्हणून जयंतीला एकाने उंबऱ्यावर उभं राहून सूर्य बघायचा आणि तो टेकला की आत ओरडून सांगायचं, मग घंटा वाजते. लहानपणापासून ती मीच. आतली पूजा मला कधी धड दिसलीच नाही, त्याचा फार राग यायचा. काका म्हणत, "तू सांगितल्याशिवाय देव येतो का गं?" मला वाटे, पोरीची समजूत काढतायत झालं.

मी लिहू लागले. तेवढ्यात काकांचा हात स्ट्रेचरवरून खाली लोंबला. बोटाला अजून ओलं कुंकू होतं. त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही. भानावर आले ती डॉक्टरांच्या आवाजाने. "लास्ट एड्रेनलिन कब?" कागदाकडे पाहिलं, तर वरच्या दोन ओळी सोडून कोरा. माझ्या हातून काका जाणार, एवढंच कळत होतं.

पडद्यापलीकडच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेले, जवळच्या टोंकखुर्द गावचे एक म्हातारे बाबा होते. ते माळवीत म्हणाले, "बेन, तमने बोल्यो थो नी, छे बावन पे सुई." इंजेक्शन देणारी सिस्टरही म्हणाली, "हाँ दीदी, आप ही तो बोल रही थीं." हात थांबला होता, पण मी खणखणीत आवाजात वेळ सांगतच होते म्हणे, शेवटच्या सुईची सहा बावन्न. मी हादरलेच. पुढची सुई वेळेवर गेली, आणि थोड्या वेळाने काकांची नाडी लागली.

कोणी याला सवय म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही. मी गळून गेले होते तेव्हा माझ्या तोंडून कोण बोललं, ते माझं मी जाणते. त्या बाबांच्या पाया पडले, तर ते बिचारे संकोचून गेले.

घशातली नळी काढल्यावर काकांनी पहिलं हेच विचारलं, "सूर्य गेला का गं? आत सांगितलंस ना?"

"सांगितलं, काका," मी म्हटलं, आणि मग मात्र रडू आवरेना.

पुढच्या जयंतीला काकू म्हणाल्या, आता तरी आत येऊन बस. मी उंबऱ्यावरच उभी राहिले.