गळा भाड्याने देणे आहे

“अक्का, ऊठ व. गाळा लागना.” तो आला की हेच म्हणायचा. गाळा लागला म्हणजे दुकानाला भाडेकरू मिळाला आणि माझी पायरी गेली.

धुळ्यात गाळे भाड्याने लावून द्यायचं काम करायचा तो. तुम्हीही पाहिला असेल. काखेत पत्र्याच्या पाट्या, हातात किल्ल्यांचा जुडगा, आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जाईल असा. कापडवाले हायवेकडे गेले आणि आमच्या कॉम्प्लेक्सचे गाळे ओळीने रिकामे पडले. मी अशाच एखाद्या गाळ्याच्या पायरीवर भरताची वांगी विकायची. ‘रिकामा’ म्हटलेलं त्याला चालत नसे.

“मोकळा म्हन, अक्का. रिकामं मानूस राहस.”

“तुन्यासारखं,” मी म्हणायची.

पाट्या तो स्वतः रंगवायचा. एकदा पाहते तर सगळ्यांवर ‘गळा भाड्याने देणे आहे’. मी चौथी शिकलेली, तरी मला कळलं. म्हटलं, “अरे, काना राही गया.”

“राहू दे. लोके हासाले थांबतस, मंग नंबर लेतस.”

दुसऱ्या दिवशी पाट्यांवर गुपचूप काने चढले. कोपऱ्यातली एक तेवढी माझ्या नाकावर टिच्चून तशीच ठेवली.

मग मोबाईलवाला आला, क्लासवाला आला, पार्सलवाला आला. दर वेळी “ऊठ व”, की मी टोपली घेऊन पुढच्या पायरीवर. शेवटी कोपऱ्यातला गाळाच उरला. तो काही लागेना.

“तुना गळा बसना का?” मी डिवचायची.

“आत पानी गळस,” म्हणायचा. चार जण बघायला आले, त्यांनाही त्यानं माझ्यादेखत हेच सांगून वाटेला लावलं.

उन्हाळ्यात तो गेला. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

महिन्याभराने मालक नवा एजंट घेऊन आला. शटर वर गेलं. मालकानं भिंतींवरून हात फिरवला. सगळ्या कोरड्या, रंगाचा पोपडासुद्धा निघालेला नाही.

“पाणी गळतं म्हणायचा तो. कुठे गळतं?” त्यानं मला विचारलं.

पुढे पायरी उरली नव्हती, हे त्या भामट्याला माझ्याआधी कळलं होतं.

“गळायचं,” मी म्हटलं. “थांबलं असेल आता.”

गाळा लागला. ऊठ म्हणायला कोणी नव्हतं, मीच उठले. पाटी तेवढी मागून घेतली. आता समोर रस्त्याच्या कडेला बसते, पाटी टोपलीला टेकवून. लोक वाचतात, हसायला थांबतात.

“कोणाचा गळा, आजी?”

“होता एकाचा. वांगी किती देऊ?”