इंदू आक्कांची सुनावणी

इंदू आक्कांचं घर बेळगावजवळच्या सांबऱ्याला, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. विमान डोक्यावरून जायला लागलं की त्या वाक्य मध्येच सोडायच्या, समोरच्याकडे शांतपणे बघत राहायच्या आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करायच्या. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "वकीलबाई, तुमच्या समितीवर मी येते, पण माझी एक..." आणि एकदम गप्प. बाईंना काही झालं की काय, म्हणून मी घाबरून पाणी आणायला उठले. विमान गेलं. "...अट हाय. ज्याच्यावर तक्रार हाय त्याला समोर बसवल्याशिवाय मी कागदावर सही करणार न्हाय."

मी निपाणीची. माझी आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आई शिक्षिका झाली आणि मी बेळगावच्या कोर्टात वकिली करते. आमच्या सीमाभागात कबड्डीची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा खेळाडूंचे करार तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. सहा संघ, सहा मालक, खेळाडूंचा लिलाव, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, असा सगळा थाट होता. मोठमोठ्या लीगचे नियम पुढ्यात घेऊन मी त्यात एक कलम घातलं. खेळाडूनं मैदानाबाहेर गैरवर्तन केलं तर शिस्त समिती त्याला ताकीद देईल, काही सामने बाहेर बसवेल किंवा करार रद्द करेल. समितीत दोघीच. मी आणि अध्यक्ष म्हणून इंदू आक्का. त्या एके काळी राज्याच्या संघातून कबड्डी खेळलेल्या, नंतर निवृत्तीपर्यंत शाळेत खेळाच्या शिक्षिका. पांढरी सुती साडी, पायांत कापडी बूट आणि चाल अशी की मला मागे पळावं लागायचं.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "मोठ्या लीगमधी शिक्षा कशी ठरवत्यात?" मी नोटीस, खुलासा, सुनावणी, अपील सगळं सांगितलं. मग खरं तेही सांगितलं. खेळाडू नावाजलेला असला की चौकशी लांबते, आणि बोभाटा झाला, जाहिरातवाले कुरकुरले, की एका दिवसात निकाल लागतो. आक्का म्हणाल्या, "म्हंजे ज्याचा व्हिडिओ जास्त फिरला त्याला जास्त शिक्षा. आन् ज्याचा फिरलाच न्हाय त्याचं काय हुतं, ते कुणाला ठाऊकबी न्हाय." हे त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या हंगामात ते माझ्याच अंगावर आलं.

त्या हंगामात बेळगावचा संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर निपाणीचा संघ. रविवारी निपाणीला सामना, आणि बसस्टँडवर, चहाच्या गाड्यावर, कोर्टाच्या पायऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. बेळगावच्या संघाचा जीव म्हणजे रणजित. संकेश्वरजवळच्या एका खेड्यातला, उसाच्या फडातून आलेला उंचपुरा चढाईपटू. मध्यरेषा ओलांडून तो समोरच्या अंगणात घुसला की लोक बसायचं विसरायचे. संघाचे मालक आप्पासाहेब, फाउंड्रीवाले. त्यांनी लिलावात रणजितसाठी भल्याभल्यांना मागं टाकलं होतं.

गुरुवारी भर दुपारी खडेबाजारात रणजितनं गाडी आडवी लावली. वाहतूक सांभाळणाऱ्या होमगार्डनं, परशुराम मामांनी, ती पुढं घ्यायला सांगितलं. दोन शब्द झाले आणि रणजितनं त्यांच्या थोबाडीत मारली. अंगात संघाची जर्सी होती. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ बेळगावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला होता.

शुक्रवारी सकाळी आप्पासाहेब लीगच्या ऑफिसात आले. चहाला हात न लावता म्हणाले, "ताकीद द्या आन् मिटवा. पोलिसांचं काय ते पोलीस बघतील. मैदानात त्यानं कुणाला बोट लावलंय काय? बाजारात झालं त्याच्याशी कबड्डीचा काय संबंध? आन् त्यो गडी सवता हसतोय की व्हिडिओत. त्याला काय वाटलं न्हाय, तुमाला का वाटतंय?"

खरंच, व्हिडिओत मार खाल्ल्यावर परशुराम मामा हसत होते.

आक्कांनी आवाज चढवला नाही. "आप्पासाहेब, भर बाजारात गाडी आडवी लावायची हिंमत त्याला कुणी दिली? ह्या खेळानंच दिली की. लोक वाट सोडत्यात ती जर्सी बघून. मग संबंध कसा न्हाय?" एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "वकीलबाई, ह्याच्या आदी असल्या कामाबद्दल कुणाला शिक्षा झाली आसंल तर ती फाईल काढा. एकाला एक माप आन् दुसऱ्याला दुसरं नको."

मी फाईल काढली. त्यात एकच पत्र होतं. बसवराज, सगळ्यांचा बसू, गोकाककडचा, त्याच बेळगाव संघातला राखीव खेळाडू. याच हंगामातल्या दुसऱ्या सामन्यानंतर त्यानं कँटीनमधल्या वाढप्याला ढकललं, अशी संघाच्या मॅनेजरची तक्रार होती. तेव्हा आक्का गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होत्या. मी कुणालाही न बोलावता त्याला पूर्ण हंगामासाठी काढून टाकलं होतं. पत्रावर सही माझी एकटीची.

आक्कांनी पत्र दोनदा वाचलं. "ह्येला इचारलं हुतं?"

"नाही."

"पत्र मराठीत हाय. त्येला मराठी वाचाय येतंय?"

बसू आमच्याशी मराठी बोलायचा, पण शाळा त्याची सगळी कन्नड. पत्र त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतलं असणार. काय वाटलं असेल त्याला, हे त्या क्षणापर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. आक्का मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या त्येलाबी बोलवा. आता चला, खडेबाजारात जाऊन येऊ."

चालता चालता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तोवर कुणाला सांगितली नव्हती. विसाव्या वर्षी त्या राज्याच्या सराव शिबिरात होत्या. काही मुली न सांगता सिनेमाला गेल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कमी केलेल्यांची यादी लागली, त्यात इंदूचं नाव. ती रात्रभर तापानं फणफणत खोलीत पडून होती, पण कुणी विचारायलाच आलं नाही. "मी फळ्यापुढं उभी ऱ्हायले, मग ट्रंक भरली आन् घरला आले. परत राज्याकडनं खेळले न्हाय. शिक्षेचं दुःख हुतंच गं. पर न इचारल्याचं जास्त."

परशुराम मामा त्याच चौकात शिट्टी घेऊन उभे होते. आम्ही त्यांना बाजूच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं. आप्पासाहेबांची माणसं आधीच शाल आणि नारळ घेऊन येऊन गेली होती, फोटो काढायला. मामांनी ती परत पाठवली होती. आक्कांनी विचारलं, "मामा, तुमाला काय वाटतंय? काय व्हायला पायजे?"

मामांनी हातातली शिट्टी खिशात घातली. मग म्हणाले, "बाई, मारल्यावर मी हसलो. समदी बघाय लागलीती. काय करावं सुचंना म्हणून हसलो. आता घरात पोरगी इचारतीया, बाबा तुमी हसला का? त्येवढं त्याला सांगा. मी मजेत हसलो न्हवतो."

"तुमीच सांगा," आक्का म्हणाल्या. "उद्या धा वाजता या."

शनिवारी दहाला ऑफिसच्या लहानशा खोलीत आम्ही सगळे बसलो. आधी बसू. त्याच्यासाठी आक्कांनी सगळं कन्नडमध्ये विचारलं. त्यानं सरळ कबूल केलं. होय, ढकललं. भाजी अंगावर सांडली म्हणून राग आला. दुसऱ्या दिवशी जाऊन माफीही मागितली. वाढपीही आला होता, त्यानं मान डोलावली. हे फाईलमध्ये कुठेच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मी बसूकडे बघून म्हणाले, "चूक माझी झाली." तो इतका गोंधळला की उठूनच उभा राहिला.

मग रणजित. छाती काढून आत आला, आक्कांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "आक्का, त्यो माणूस उगंच हुज्जत घालत हुता. आन् नंतर हसलाबी की."

परशुराम मामांनी त्याला ते हसणं सांगितलं. कालचेच शब्द, लेकीसकट. रणजितची मान हळूहळू खाली गेली. तो म्हणाला, "मला न्हाय कळलं."

आक्कांनी निकाल तिथेच सांगितला. कामावर असलेल्या माणसावर हात टाकला तर पाच सामने बाहेर, दोघांनाही तेच माप. बसूचे आठ सामने आधीच गेले होते. "तीन सामने आमी तुजे जास्तीचे घेतले बसू. ते परत देता येत न्हाईत. उद्यापासनं तू मोकळा." रणजितचे पाच सामने उद्यापासून सुरू.

आप्पासाहेब खुर्चीतून उठले. "उद्या फायनल हाय, बाई."

"फायनलबी सामनाच हाय की," आक्का म्हणाल्या. "अपील करायचं आसंल तर करा. कलम हाय, वकीलबाई सांगतील."

त्यांनी अपील केलं नाही. करण्याइतका वेळही नव्हता. रणजितला माफी मागायला लावू या, असं मी सुचवलं तर आक्कांनी नकार दिला. "सांगून मागायला लावलेली माफी आपली हुती, त्याची न्हाय. कवा मागायची त्यो बघंल."

रविवारी निपाणीचं मैदान दुपारी तीनलाच भरलं. बेळगावहून ट्रक भरभरून लोक आले होते. आक्का आणि मी पहिल्या रांगेत बसलो, तर मागून टोमणे सुरू झाले. बाई विकली गेली, इथपासून. आक्का पुढं बघत होत्या.

आणि सामना असा रंगला की मी तसा परत पाहिला नाही. रणजितशिवायचा बेळगाव संघ पहिल्या दहा मिनिटांत भुईसपाट झाला. सगळे गडी बाद, सात गुणांनी मागं. मग प्रशिक्षकानं बसूला चढाईला पाठवलं. बुटका, अंगानं भरलेला, तीन महिने कुणी नाव न घेतलेला गडी. पहिल्याच चढाईत त्यानं कोपऱ्यातला खेळाडू टिपला. दुसऱ्या चढाईत दोघं. तिसरीत त्याला तिघांनी कवळ्यात घेतलं आणि तो त्या तिघांसकट फरपटत मध्यरेषेवर हात टेकवून आला. मैदान उठून उभं राहिलं. निपाणीकरही टाळ्या वाजवत होते. मी निपाणीची, आमचा संघ समोर, आणि माझा जीव बसूत अडकलेला. शेवटचं मिनिट आलं तेव्हा बेळगाव फक्त एका गुणानं मागं होतं आणि शेवटची चढाई बसूची.

माझ्या शेजारी कुणी तरी घसा फाडून ओरडत होतं, "बसू, डावीकडनं, डावीकडनं सूट रं." वळून बघते तर इंदू आक्का. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर उभ्या, पदर सुटलेला, दोन्ही मुठी हवेत. बसूनं डावीकडनं हात घातला, एकाला शिवलं आणि मागं उडी मारली. पण त्याच्या घोट्याला कुणाचा तरी पंजा लागला. त्याची बोटं मध्यरेषेला वीतभर कमी पडली. शिट्टी झाली. बेळगाव हरलं.

बेळगावकर आमच्याकडं बघून जे बोलले ते लिहीत नाही. आप्पासाहेब समोरून गेले, त्यांनी नमस्कारही केला नाही. आम्ही गाडीनं परत निघालो. वाटेत हत्तरगीजवळ आक्का म्हणाल्या, "सांबऱ्याची हाय मी. माझाबी संघ बेळगावच की गं. लई वाटत हुतं, जिंकावं."

मी विचारलं, "पस्तावा होतोय?"

"हरल्याचा हुतोय. निकालाचा न्हाय. दोनी एका पोटात मावत्यात."

पुढच्या हंगामापासून प्रत्येक नोटीस मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत निघू लागली. रणजितनं उरलेले चार सामने बाहेर बसून काढले, एकदाही कुरकुर न करता. एके दिवशी मी खडेबाजारातून जाताना तो परशुराम मामांच्या शेजारी पायरीवर बसलेला दिसला. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही आणि मी थांबलेही नाही. बसूला त्या हंगामाच्या लिलावात निपाणीच्या संघानं घेतलं.

इंदू आक्का गेल्या वर्षी गेल्या. सकाळी अंगण झाडून आत आल्या, खाटेवर टेकल्या आणि तेवढंच. आता समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आहे. त्यांच्याइतका मला धीर नाही. सुनावणीच्या आदल्या रात्री मी फाईल पुन्हा पुन्हा वाचते.

गेल्या महिन्यात बेळगाव संघाच्या एका खेळाडूनं एसटीच्या कंडक्टरला शिवीगाळ केली. पुढचा सामना उपांत्य फेरीचा. तासाभरात आप्पासाहेबांचा फोन आला. आक्का गेल्यापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. नाव बघून मी मनात सगळी कलमं जुळवली, उत्तरं तयार केली आणि फोन उचलला.

"वकीलबाई," ते म्हणाले, "सुनावणी कवा ठेवताय? आमचा पोरगा येईल. आन् निकाल काय द्यायचा ते तुमी बघा, मी इचारणार न्हाय. पर त्या कंडक्टरला कुणी इचारलंय का अजून?"