चूळभर पाणी

आमच्या घरचा माणूस कंपनीच्या पोरांना फुटबॉल शिकवायचा आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत त्यांना बॉल दाखवायचा नाही. बॉल आमच्या तांदळाच्या कोठीत असायचा. कोणी मागायला आलं तर द्यायचा नाही, असा मला हुकूम होता. "आधी दम, मग बॉल," हे वस्तादांचं म्हणणं. सगळे त्यांना वस्ताद म्हणायचे. बायको असून मीही चारचौघांत तेच म्हणायला लागले, कारण नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती.

ते मूळचे भुसावळचे. रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल खेळले आणि तालमीत कुस्ती. दोन्हीत नाव काही झालं नाही, पण वेड दोन्हींचं राहिलं. सिल्वासाच्या बाजूला कारखाने उठायला लागले तेव्हा मसाटच्या एका धाग्याच्या कंपनीत ते फिटर म्हणून लागले. तिथल्या मॅनेजरला फुटबॉलचा शौक होता. पावसाळ्यात आसपासच्या कंपन्यांच्या टीम एकमेकींशी खेळायच्या. मॅनेजरने सांगून ठेवलं होतं, ठेक्यावरचा जो पोरगा पूर्ण सीझन खेळेल त्याला कंपनीत कायम करू. ठेक्यावरच्या माणसाला आज काम आहे तर उद्या नाही. त्यामुळे वस्तादांच्या हाताखाली यायला पोरांची रांग लागायची. खेळाची आवड किती जणांना होती देव जाणे. कायम होण्याची सगळ्यांना होती.

उन्हाळ्याचे दोन महिने नुसती मेहनत. जोर, बैठका, नदीच्या रेतीत पळणं, कमरेला दोर बांधून ट्रकचा टायर ओढणं. एकाने दुसऱ्याला पाठीवर घेऊन चढण चढायची, वर पोचलं की खालचा वर आणि वरचा खाली. वस्ताद स्वतः सगळ्यांपुढे पळायचे, पिकलेल्या मिशा आणि अर्धी चड्डी. बाजारातून मी भाजी घेऊन येत असले आणि समोरून ही वरात आली, तर मी दुकानात शिरायचे. शेजारची गुजराथी बाई म्हणायची, "विमलबेन, तमारा वर गांडा थई गया छे के शुं?" मी म्हणायचे, "बाई, वेडे ते लग्नाआधीपासूनच आहेत."

एकदा तर हद्द झाली. पोरं हातगाडी ओढत चढावर पळणार होती आणि गाडीवरची रेतीची गोणी फाटली. मी सकाळचा डबा द्यायला गेले होते. वस्तादांनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चल, बस गाडीवर."

"अहो, लाज आहे का काही?"

"वजन कमी पडतंय. लाज नंतर बघू."

बसले. पदर तोंडावर ओढून बसले, पण अंगावरून माणूस ओळखू येतोच. चढाच्या दोन्ही बाजूंना चाळीतल्या बाया उभ्या राहून हसत होत्या. पुढे दांडी धरून पळणारा पोरगा मध्येच मागे वळून म्हणाला, "काकू, घट्ट धरा हां, तुम्ही पडल्या तर वस्ताद आम्हाले पुन्हा खालून सुरू करायला लावतील." त्याचं नाव सुकदेव.

सुकदेव शहाद्याकडचा. नरोलीला भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. अंगाने किडकिडीत, पायात चपळाई बेताची, पण सांगितलेलं काम तंतोतंत करायचा. वस्तादांनी पन्नास जोर सांगितले आणि ते पाठ वळवून चहा प्यायला गेले, तर बाकीचे तीसवर थांबायचे. सुकदेव पन्नास काढायचा. पोरं त्याला चिडवायची, "अबे सुक्या, वस्ताद देख नहीं रहे, बैठ जा." तो म्हणायचा, "मले कायम व्हायचंय. तुम्ही बसा." त्याची बायको पार्वती तेव्हा पोटुशी होती. मूल व्हायच्या आत कायम व्हायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

आता पाण्याचं सांगते. वस्तादांचा तालमीतला नियम होता, की मेहनत चालू असताना पाणी प्यायचं नाही. "पाणी पोटात गेलं की दम तुटतो." त्यांना त्यांच्या वस्तादांनी तसं सांगितलं होतं आणि त्यांना त्यांच्या. त्या काळी सगळीकडे असंच सांगायचे. झाडाखाली माठ असायचा. फार घसा सुकला तर माठातून एक पेला घ्यायचा, चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. "ओलं करा, गिळू नका," असं ते ओरडायचे. मला कधी ते चुकीचं वाटलं नाही. आमच्या घरात त्यांचा शब्द चुकत नसे, निदान तसं धरून चालायचं असे.

त्या रविवारी दोन पाळ्यांची पोरं एकत्र यायची म्हणून मेहनत उशिरा सुरू झाली. ऊन डोक्यावर आलं तरी वस्ताद थांबेनात. सीझन जवळ आला होता आणि टीम ठरवायची होती. मी तिथे नव्हते, पुढचं पोरांनी सांगितलं. रेतीत पळता पळता सुकदेवचा घाम बंद झाला. अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. तो आपल्या बापाला हाक मारायला लागला, म्हणाला बैल सोडा, बैल सावलीत बांधा. कोणीतरी हसलं. मग तो तोंडावर पडला.

मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळी टीम व्हरांड्यात उभी होती. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "याला पाणी का दिलं नाही?" वस्ताद म्हणाले, "साहेब, मेहनत करताना पाणी देत नाहीत." डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी भिंतीकडे तोंड केलं. नंतर ते एवढंच म्हणाले, "जगेल. पण मूत्रपिंडाला मार बसलाय. उष्णतेचं काम आता नाही, खेळ तर नाहीच."

वस्तादांच्या मनात काहीतरी अडलं. त्यांनी पोरांना विचारलं, "ऊन सगळ्यांना एकच होतं. मग तुम्हाला कसं काही झालं नाही?"

सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. शेवटी एक बिहारचा पोरगा म्हणाला, "वस्ताद, हम लोग तो पी लेते थे."

"काय?"

"चूळ भरता भरता गिळायचो," दुसरा म्हणाला. "सगळेच. पहिल्या दिवसापासून."

"आणि सुकदेव?"

"तो थुंकायचा."

वस्ताद खाली बसले. दवाखान्याची फरशी ओली होती, तरी बसले. मी त्यांना उठवलं नाही. तालमीतला माणूस, खुर्चीत बसायलासुद्धा ज्याला कमीपणा वाटायचा, तो आठ-दहा पोरांच्या चपलांमध्ये बसला होता, आणि त्यांच्यातल्या एकाचीही त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

सुकदेव दवाखान्यातून घरी आला तोवर ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. वस्ताद मॅनेजरकडे गेले. म्हणाले, चूक माझी आहे, पोराला कायम करा, गेटवर बसवा, स्टोअरमध्ये बसवा. मॅनेजर हसून म्हणाला, "वस्ताद, खेळणाऱ्याला कायम करतो म्हटलं होतं. हा खेळला कुठे?" हे सगळं बोलणं कंपनीच्या गेटवर झालं होतं. वस्ताद दोन पाळ्यांच्या माणसांसमोर म्हणाले होते, "माझ्यामुळे झालंय." घरी येऊन मला म्हणाले, "विमल, सगळ्यांनी ऐकलं." मी म्हटलं, "ऐकू दे. ऐकायलाच पाहिजे."

मग आम्ही दोघं नरोलीला गेलो. मी भाकरी आणि मुगाचं वरण नेलं होतं, दुसरं काय न्यायचं ते सुचलं नाही. वस्ताद उंबऱ्याबाहेरच थांबले. मी आत गेले. पार्वतीने, दिवस भरत आलेली बाई ती, उठून आधी तांब्या आणि पेला आणला. "पाणी घ्या काकू, उन्हातून आल्या." कोणाच्याही घरी गेलं तर पहिलं पाणीच देतात. तिने दुसरं काही मनात आणून दिलं नव्हतं. मी पेला घेतला. प्यायला नको वाटत होतं आणि परत ठेवणं त्याहून वाईट होतं. प्यायले. आयुष्यात मी पुष्कळांच्या दारी लाजले आहे, हातगाडीवर बसून लाजले आहे. ती सगळी लाज त्या दिवशी मला पोरखेळ वाटली.

सुकदेव बाजेवरून म्हणाला, "वस्ताद, आत या ना. बाहेर काय उभे?"

ते आत आले, बसले नाहीत.

"माझाच दम कमी पडला," सुकदेव म्हणाला. "बाकीचे टिकले ना. पुढच्या वर्षी मी आधीपासून सुरू करतो."

हे ऐकून गप्प राहता आलं असतं. मला वाटलं राहतील. पोराला एवढं समाधान राहू द्यावं, असंही कोणी म्हणेल. वस्ताद म्हणाले, "तुझा दम कमी पडला नाही. ते सगळे पाणी गिळत होते. तू एकट्याने माझं ऐकलंस."

सुकदेव बाजेवर उठून बसला. पार्वती चुलीपाशी थांबली होती. मग तो म्हणाला, "मग मले बी कोणी सांगायचं ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. वस्तादांनी त्याच्या पायांना हात लावला आणि त्याने पाय आखडून घेतले, म्हणाला, "असं नका करू, वस्ताद." बाळंतपणाच्या आधी ती दोघं शहाद्याला निघून गेली. वस्ताद बस स्टँडवर गेले होते. बस सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते, असं त्यांना न्यायला आलेल्या पार्वतीच्या भावाने नंतर सांगितलं.

त्यानंतरही काही वर्षं ते पोरांना तयार करत राहिले. मात्र रेतीत मध्यभागी पाण्याची बादली ठेवायचे आणि प्रत्येकाला आपल्यासमोर प्यायला लावायचे, नको म्हणणाऱ्याच्या तोंडाला पेला लावायचे. पोरं मागून त्यांना पाणपोईवाला म्हणायची. त्यांना ते ऐकू यायचं. ते पुढचा पेला भरायचे.

ते गेले तेव्हा मी त्यांच्या तेराव्याला सगळ्या जुन्या टीमला बोलावलं. कायम झालेली पोरं, आता पोटं सुटलेली, मोटारसायकलींवरून आली. जेवणाआधी एक जण उठून बोलायला लागला. म्हणाला, वस्तादांचा प्रत्येक शब्द आम्ही झेलला, म्हणून आज आम्ही कंपनीत आहोत. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "झेलला नाही, म्हणून आहात."

आणि मी पानं वाढायला घेतली.