खाली पडलेलं फूल

साऱ्या नाशिक जिल्ह्यात माझ्या मामेबहिणीइतकी हट्टी मुलगी झाली नाही, आणि इतकं जमिनीवर लोळून बॅडमिंटनमध्ये राज्याची विजेती झालेलीही दुसरी कोणी नसेल. इतर मुली कोर्टावर खेळायच्या, ही कोर्ट पुसून काढायची. सामना संपला की समोरचीच्या कपाळावर घाम असायचा आणि आमच्या बाईसाहेबांचे गुडघे, कोपरं, एकदा तर नाकही सोललेलं असायचं.

याचं मूळ सायखेड्याला, मामाच्या झेंडू-शेवंतीच्या मळ्यात होतं. "खाली पडलेलं फूल देवाला चालत नाय," हा मामीचा कडक नियम. त्यामुळे तोडताना हातातून निसटलेलं फूल ही लहानपणापासून हवेतच झेलायची. नव्वदच्या दशकात ती शिकायला आमच्याकडे नाशिकला आली, आणि बॅडमिंटन हॉलमधल्या सरांनी तिच्या हाती रॅकेट देऊन सांगितलं, "हे फूल. हे खाली पडू द्यायचं नाही." झालं! शटलला आपण सगळेच फूल म्हणतो, पण हिने ते अक्षरशः मनावर घेतलं. शटल पायाने सरकवणाऱ्या मुलींशी ती बोलायची नाही. एकदा समोरच्या मुलीने सर्व्हिसआधी शटल तोंडाशी धरून पिसं सारखी केली, तर ही थेट पंचांकडे. "सर, फूल बदला. तिनं वास घेतला." पंच इतके गोंधळले की त्यांनी स्वतःच ते हुंगून पाहिलं. "घ्या, आता तर दोघांनी घेतला!" ही म्हणाली.

इथवर गंमत होती. पण शटल रेषेबाहेर चाललेलं असलं तरी हिच्याने सोडवत नसे. सर कडेला उभे राहून घसा फोडायचे, "सोड! बाहेर चाललंय, सोड!" ही धावत जाऊन, आडवी पडून ते परत मारायची आणि हातातला गुण घालवायची. लागोपाठ दोन वर्षं ती अंतिम सामना अशीच हरली. "अगं, पडू दिलं असतंस तर पॉइंट तुझा होता," सर कळवळून म्हणाले. "पण पडलं असतं ना," ही म्हणाली. खेळ सरांनाच कळत नाही, असा तिचा सूर होता.

मग मामा आला. "हे शेवटचं वरीस. कप आला तर ठीक, नायतर रॅकेट खुंटीला न् पोरगी घरला. स्थळं येऊ राहिली." त्या रात्री ती एका भाकरीवर उठली. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

अंतिम सामना नाशिकलाच होता. मामी मळ्यातल्या झेंडूचा हार पिशवीत घेऊन बसली होती. शेवटच्या गुणाला समोरचीने शटल उंच, मागच्या रेषेकडे मारलं. ते बाहेर चाललंय हे साऱ्या हॉलला दिसत होतं. सर उभे राहिले, पण या वेळी ओरडले नाहीत. ही धावली, शटलखाली पोचली, रॅकेट उचलली आणि तशीच थांबली. शटल रेषेपलीकडे पडलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, आणि ही वाकून ते उचलत होती.

रिक्षात कप मांडीवर घेऊन ती मुसमुसत होती. मला वाटलं, आनंदाने. "दादा, मी पडू दिलं रे," ती म्हणाली. मी हसलो. मामी हसली नाही. तिने मुलीच्या मुठीतलं शटल घेतलं, पदराने पुसलं आणि म्हणाली, "आण इकडं. देवाला मी सांगते."

पुढे ती बरीच वर्षं खेळली, जिंकली, सोडायलाही शिकली. पेपरवाले तिच्या खेळाला समंजस म्हणू लागले. मला मात्र ती कोर्ट पुसणारीच जास्त आवडायची.

आता मामी नाही. परवाच्या दसऱ्याला सायखेड्याला गेलो, तर देव्हाऱ्यात झेंडूच्या राशीत ते शटल होतं, पिसं पिवळी पडलेली. गुडघे गेल्यामुळे ही उभ्यानेच पूजा करते. बोलता बोलता तिच्या हातातून एक झेंडू निसटला. तिने वाकून तो हवेतच झेलला आणि गुडघा धरून "आई गं" म्हणाली. सोड, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण म्हणालो नाही.