अक्कांची शेगडी आणि आमचा रंधा

आमचे मालक लष्करातून रिटायर होऊन तासगावच्या अलीकडं आमच्या गावी आले आणि परसात पत्र्याचं शेड ठोकून सुतारकामाला लागले. नुसते बसले असते तर आजारी पडले असते, म्हणून मीही अडवलं नाही. मग सांगलीहून फळ्या तासायचं रंधा मशीन आलं. दुकानदारानं बजावलं होतं, एवढ्या मोटारीला थ्री फेज घ्या. घरच्या लायनीवर चालवलीत तर सुरू होताना सगळ्या गल्लीचा करंट ओढील. तुमच्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर लांब, तार बारीक. मालक म्हणाले, चालतंय की.

घरातलं मात्र सगळं चोख केलं बरं का. जाड वायर, वेगळा स्विच. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातला, त्यात पाणी ओतायचं काम माझ्याकडं. पण तार घराच्या बाहेरही असते, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी पत्रा तापतो, म्हणून मशीन उन्हं कलल्यावरच सुरू व्हायचं. दिवे पिवळे पडायचे, पंखा रेंगाळायचा. मी भिंतीवरनं शेजारच्या अक्कांना हसत म्हणायची, "अक्का, मशीन लागलं बघा. आता कंदील काढा." त्याही हसायच्या.

अक्का जैन, एकट्या राहणाऱ्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, नंतर तोंडात काही घालायचं नाही. एकदा गॅसची नळी गळाली, तेव्हा पुण्याच्या मुलानं घाबरून सिलिंडरच काढून नेला आणि करंटवरची शेगडी आणून दिली. आम्ही त्यांना त्याच मशीनवर तासलेला चौरंग दिला होता, ताट ठेवायला. लय सुबक झालाय म्हणाल्या होत्या.

एकदा कढीपत्ता मागायला गेले. अक्का शेगडीपुढं बसलेल्या. शेगडी टूं टूं करून बंद पडायची, त्या परत बटण दाबायच्या. पातेल्यात तांदूळ तसेच पाण्याच्या तळाशी. त्यांचं लक्ष खिडकीकडं. समोरच्या पत्र्यावरचं ऊन गेलं तशी त्यांनी पातेलं उतरवलं, वर झाकण ठेवलं. चौरंग शेजारी मांडलेला, रिकामा.

"आवं अक्का, हे असं रोज होतंय?"

"रोज कुठलं. तुमचं मशीन असतंय तवाच."

मी म्हटलं, मग सांगितलं का न्हाई? तर म्हणाल्या, "तू एवढी हसून सांगायचीस. तुझ्या हसण्यावर काय विरजण घालायचं?"

कढीपत्ता तिथंच राहिला. घरी आले, शेडमध्ये गेले आणि सरळ मेन स्विच पाडला. मालकांच्या भुवयांवर भुसा. मी म्हटलं, "अक्का आपल्यापायी उपाशी निजायला लागल्यात." त्यांनी मशीनवर गोणपाट टाकलं आणि दुसऱ्या दिवशी थ्री फेजचा अर्ज द्यायला गेले.

वीज ऑफिसात आज या, उद्या या झालं. अक्का स्वतः म्हणाल्या, सकाळी माझं आटपल्यावर चालवा की. यांनी गोणपाट काढलं नाही. मी भिंतीपाशी जायची टाळायला लागले. धुणंसुद्धा पलीकडच्या बाजूला वाळत घालायची.

शेवटी खांबावरनं नवी केबल आली, वेगळा मीटर बसला. मालक बटणाला हात लावेनात. म्हणाले, "तू आधी अक्कांच्यात जाऊन उभी रहा." गेले. शेगडीवर डाळ होती. मी भिंतीवरनं हाक दिली. मशीन गरजलं. माझी नजर बल्बवर. बल्ब हलला नाही. शेगडी बोलली नाही. डाळ आपली रटरट शिजत राहिली.

अक्कांनी चौरंग मांडला आणि त्यावर ताट ठेवलं, ते माझ्यासाठी. नको नको म्हणत बसले. बिनकांद्याची डाळ, मऊ भात. पहिला घास हातातच राहिला, मान काही वर होईना.

अक्का खिडकीकडं बघून म्हणाल्या, "जेव गं. ऊन हाय अजून. मलाबी बसायचंय."